वर्षाची कमाई, महिन्याचं बिल: सिबिल सावरताना क्रेडिट कार्डाचा अर्ज कधी टाकावा

सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारा स्कोअर, ७५० च्या वर गेला की कार्डाचा अर्ज टाका, हा सल्ला पगारदाराला ठीक आहे. ज्याच्या घरात पैसा सोयाबीनच्या चुकाऱ्याने आणि कापसाच्या वेच्याने येतो, त्याला तो अर्धाच लागू पडतो. पीक कर्ज वर्षातून एकदा भरायचं असतं. कार्डाचं बिल दर महिन्याला येतं, पेरणीच्या जूनमध्ये येतं आणि पोळ्याच्या महिन्यातही येतं, म्हणजे नेमकं घरात रोख नसते तेव्हा. म्हणून बिघडलेला सिबिल सावरताना आधी रिपोर्टात आज काय लिहिलंय ते बघायचं, मग घरात दर महिन्याला खात्रीची रोख किती येते ते, मग कोणता महिना चालू आहे ते. स्कोअरचा आकडा त्यानंतर.

रिपोर्ट काढा, आणि एकच काढून थांबू नका

देशात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीकडून कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट मिळतो. सिबिलच्या संकेतस्थळावर पॅन, जन्मतारीख आणि मोबाईलवर येणारा ओटीपी एवढ्यावर काम होतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. बँकेने तुमच्या अर्जावरून पाहिला तर त्याची 'एन्क्वायरी' म्हणून नोंद होते. गाडी अडते ती बहुतेक जुन्या सिमवर. कर्ज घेताना दिलेला नंबर बंद पडलेला असेल तर बँकेत जाऊन आधी मोबाईल नंबर बदलून घ्या.

घरात कुणी मायक्रोफायनान्सचं ग्रुप लोन घेतलं असेल, तर सीआरआयएफचा रिपोर्ट काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही लहान कर्जं तिथे ठळक दिसतात. गटातल्या एखादीने हप्ते थांबवले आणि तुमच्या घरचे हप्तेही त्या गोंधळात राहिले, असं झालं असेल तर ते इथेच सापडतं. उलट सेवा सहकारी सोसायटीचं कर्ज रिपोर्टात दिसेलच असं नाही. दिसलं नाही म्हणून ते नाही, असं धरू नका. पुढे पीक कर्ज देणारी बँक सोसायटीकडून बेबाकी, म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला, मागतेच.

रिपोर्टात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांच्या चौकटी असतात, साधारण ३६ महिन्यांच्या. त्यात आकडा असतो तो हप्ता किती दिवस थकला त्याचा. ००० म्हणजे वेळेवर. ०३० म्हणजे ३० दिवस उशीर. 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही. तो तुमचा दोष नाही. काही बँका आकड्याऐवजी अक्षरं लिहितात: एसटीडी म्हणजे खातं नीट, एसयूबी म्हणजे घसरलं, डीबीटी म्हणजे वसुलीचा भरवसा नाही, एलएसएस म्हणजे बुडीत. हे डीबीटी वाचून अनुदान जमा झालं असं समजणारे लोक आहेत, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण अनुदान थेट खात्यात जमा होतं तेव्हा तीच अक्षरं दिसतात. इथे त्यांचा अर्थ 'डाउटफुल' आहे.

एक ओळ अशी धरा: ०००, ०००, ०३०, ०६१, ०९१, ०००, ०००. म्हणजे हप्ता तीन महिने थकला, मग पूर्ण भरला, आणि त्यानंतर दोन महिने खातं स्वच्छ आहे. बँकेचा माणूस ही ओळ बघतो तेव्हा त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: थकबाकी आज उरली आहे का, आणि शेवटच्या ००० ची रांग किती लांब आहे. वरच्या ओळीत रांग दोनाची आहे. बिनतारण कार्डासाठी ती किमान बाराची हवी, असा आमचा हिशोब आहे.

'सेटल्ड' आणि 'रिटन ऑफ' हे शब्द वेगळे शोधा. रिटन ऑफ म्हणजे वसूल होत नाही म्हणून बँकेने कर्ज आपल्या हिशोबातून काढून टाकलं. सेटल्ड म्हणजे बँकेने तडजोड करून काही रक्कम सोडली. गावात सेटल्डला 'कर्ज मिटलं' म्हणतात, आणि बँकेच्या शाखेतही साहेब तसंच म्हणतात. रिपोर्टात मात्र ते मिटलेलं नसतं. नवी बँक ते 'पूर्ण दिलं नाही' असंच वाचते. कार्ड हवंच असेल तर त्या बँकेला लेखी विचारा की सोडलेली रक्कम भरली तर खात्याची नोंद 'क्लोज्ड' करून देणार का. होकार कागदावर मिळाल्यावरच पैसे भरा.

कर्जमाफीची खाती अशीच तपासा. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखांपर्यंत माफी होती आणि त्यावरच्यांना उरलेली रक्कम भरून एकरकमी परतफेडीची सोय होती. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंत. यादीत नाव आलं, आधार प्रमाणीकरण झालं, खातं शून्य झालं, तरी रिपोर्टात जुनी थकबाकी तशीच दिसत असेल तर ती दुरुस्त करून घ्यायची असते. आपोआप होईल म्हणून बसलात तर वर्षं जातात. आणि माफी येईल या आशेवर चालू कर्ज भरणं थांबवलं असेल, तर तोवर कार्डाचा विचार बाजूलाच ठेवा.

आणखी दोन गोष्टी गावात हमखास निघतात. तुम्ही कुणाच्या ट्रॅक्टरला जामीनदार असाल तर ते कर्ज तुमच्याही रिपोर्टात असतं, आणि त्याचा थकलेला हप्ता तुम्हाला अडवतो. दुसरं, सारखं नाव. एकाच गावात एकच नाव आणि आडनाव असलेले तिघे-चौघे असतात, जुनी कर्जं मतदार ओळखपत्रावर दिलेली असतात, आणि दुसऱ्याचं कर्ज तुमच्या नावावर येऊन बसतं. ओळखीचं नसलेलं खातं दिसलं की ताबडतोब हरकत घ्या.

हरकत रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट घेता येते. सोबत बँकेलाही लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यानंतरच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून लागू आहे. तरीही हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते. माहितीसाठी त्यांचा क्रमांक १४४४८. तालुक्याच्या ठिकाणी 'सिबिल क्लिअर करून देतो' म्हणून दोन-चार हजार घेणारे हीच हरकत टाकतात, वेगळं काही करत नाहीत. खरी असलेली थकबाकी तर कुणालाच पुसता येत नाही.

आधी कोणती थकबाकी भरायची

हातात थोडेच पैसे असतील तर सगळ्यात लहान चालू थकबाकी आधी मारा. मोबाईलचा राहिलेला १,८०० चा हप्ता आणि ८०,००० चं थकलेलं पीक कर्ज, रिपोर्टात दोन्ही 'थकीत खातं' म्हणूनच मोजली जातात. पहिलं खातं एका दिवसात बंद होऊ शकतं. पैसे भरल्यावर नो ड्यूजचा कागद घ्या. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, म्हणून साधारण महिन्याभराने रिपोर्ट पुन्हा बघा. भरलेली रक्कम तिथे शून्य दिसेपर्यंत कुठेही अर्ज नको. भरल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज टाकणारे इथेच फसतात: पैसेही गेले, अर्जही नाकारला, वर एक एन्क्वायरी चिकटली.

पहिलं कार्ड एफडीवरचं

सावरण्याच्या काळात विचार करायचा तो एफडीवर मिळणाऱ्या कार्डाचा. तुम्ही बँकेत मुदत ठेव करता, बँक तिच्यावर लीन लावते, म्हणजे ती अडकवून ठेवते, आणि ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के मर्यादेचं कार्ड देते. ठेवीवर व्याज चालूच राहतं. उत्पन्नाचा पुरावा बहुधा मागत नाहीत, आणि शेतकऱ्याला ही मोठी सवलत आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे रिटर्न भरलेलं नसतं, आणि बिनतारण कार्डाचा अर्ज तिथेच पडतो. सातबारा आणि आठ-अ पीक कर्जाला चालतात, कार्डवाल्यांना त्यातून काही कळत नाही.

किमान ठेव बँकेप्रमाणे बदलते; १० ते २५ हजारांची तयारी ठेवली तर पर्याय मिळतात. ठेव करण्याआधी शाखेत तीन प्रश्न विचारा. माझ्या पिनकोडवर कार्ड देता का? बऱ्याच बँका जिल्ह्याच्या शहरात देतात आणि तीस किलोमीटरवरच्या गावाला नाही म्हणतात, तेही अर्ज घेऊन झाल्यावर. वार्षिक फी किती? आणि या कार्डाची माहिती सिबिलला 'क्रेडिट कार्ड' म्हणून जाते ना? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर सगळी मेहनत वाया.

ठेव कोणत्या बँकेत करायची, हेही महत्त्वाचं. ज्या शाखेत तुमचं पीक कर्ज थकलंय, तिथे चुकूनही नको. अनुदान जसं कर्जखात्यात वळती होतं, तशीच खात्यातली रक्कमही वळती होऊ शकते, आणि मग ना ठेव राहते ना कार्ड. थकीत खातं नसलेली दुसरी बँक गाठा.

महिन्याच्या रोखीची परीक्षा

पीक कर्जाची परतफेड वर्षातून एकदा, कार्डाच्या बारा तारखा. सुधारायला बारा संधी आहेत आणि बिघडवायलाही बाराच. त्यामुळे अर्जाआधी दर महिन्याला खात्रीने येणारी रोख मोजा: दुधाचा चुकारा, शिलाई, किराणा, अंगणवाडीचं मानधन, मुलाने शहरातून पाठवलेले पैसे. मजुरी मोजायची असेल तर सगळ्यात वाईट महिन्याची मोजा. निंदणाच्या हंगामातली नको. या रोखीच्या पावभागापेक्षा जास्त खर्च कार्डावर टाकू नका. महिन्याला ६,००० खात्रीचे असतील तर कार्डावर १,५००.

खात्रीची रोख नसेलच तर एक पळवाट आहे, आणि ती चांगली आहे. कापूस विकल्यावर सहा महिन्यांच्या कार्डखर्चाएवढी रक्कम, म्हणजे या हिशोबाने ९,०००, वेगळ्या बचत खात्यात टाका आणि पूर्ण बिल त्याच खात्यातून ऑटो-डेबिट करा. फॉर्मवर 'टोटल अमाउंट ड्यू' (पूर्ण बिल) वर खूण आहे की 'मिनिमम ड्यू' (किमान भरायची रक्कम) वर, हे स्वतः डोळ्यांनी बघा. मिनिममवर खूण राहिली की थोडे पैसे कापले जातात, खातं ००० दिसतं, आणि उरलेल्यावर व्याज चढत राहतं.

हेही जमणार नसेल तर यंदा अर्ज नको. पीक कर्ज वेळेवर फेडणं हीच यंदाची दुरुस्ती. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याजही लागत नाही, आणि रिपोर्टातली ओळ सुधारते ती वेगळी.

कोणत्या महिन्यात

कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यात, म्हणजे यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या बाजूला, अर्जाचा महिना डिसेंबर-जानेवारी. सोयाबीन निघून गेलेलं असतं, कापसाचा दुसरा वेचा झालेला असतो, ठेवीला पैसे असतात. जानेवारीत अर्ज, फेब्रुवारीत कार्ड, मार्चमध्ये पहिलं बिल. एक अट: मार्चमध्ये भरायच्या पीक कर्जाचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यातून ठेव करा. ठेव केली आणि पीक कर्ज थकलं, तर कार्डाने कमावलेलं सगळं तिथेच गेलं. भंडारा-गोंदियाकडे धानाचा चुकारा खात्यात पडेपर्यंत थांबा. खरेदी केंद्राची पावती म्हणजे पैसे नव्हेत. संत्र्याच्या बागेवाल्याने बहाराप्रमाणे महिना सरकवावा.

एप्रिल ते जून अर्ज नको. त्या काळात पीक कर्जाचं नूतनीकरण असतं आणि ताज्या एन्क्वायऱ्या तिथल्या अधिकाऱ्याला दिसतात. पीक कर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका असं राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावलंय. शाखेत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ट्रॅक्टर किंवा घरासाठी कर्ज घ्यायचं असेल तर त्याच्या आधीचे सहा महिनेही कार्डाचा अर्ज टाळा.

एका वेळी एकच अर्ज. मोबाईलवरच्या ॲपमध्ये 'तुमची ऑफर बघा' दाबलं की कधी कधी तोही अर्जच असतो. तुमचा रिपोर्ट कुणी मागवला तर एसएमएस किंवा ईमेल यायला हवा, तो वाचत चला. व्हॉट्सॲपवर कार्ड चालू करण्यासाठी एपीके फाईल आली तर उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३०.

पहिले सहा महिने कसे चालवायचे

समजा ठेव २०,००० ची आणि मर्यादा १६,०००. तिच्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे ४,८०० च्या खाली राहा. हजार-दीड हजार तर उत्तमच. पेट्रोल, रिचार्ज, गॅस एवढंच कार्डावर. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण त्याने दुकानदाराच्या व्यापारी क्यूआरलाच पैसे जातात. गावातल्या बऱ्याच दुकानांत वैयक्तिक खात्याचा क्यूआर चिकटवलेला असतो, तिथे व्यवहार होत नाही. घेण्याआधी पाच-दहा रुपयांचा करून बघा.

बिल निघाल्यापासून भरायला साधारण १८-२० दिवस मिळतात. बिलाची तारीख किमान एकदा बदलून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. दुधाचा चुकारा १, ११, २१ ला येत असेल तर भरण्याची शेवटची तारीख २४-२५ पडेल अशी मागा. शेवटची तारीख हुकली तर घाबरून बसू नका: तीन दिवस उलटल्याशिवाय बँक लेट फी लावू शकत नाही आणि खातं थकीत म्हणून कळवूही शकत नाही. पण ही सवड नेटवर्क गेलं तर वापरायची, नेहमीची नव्हे.

आता जूनचं. बियाणं-खतासाठी हात तंग, खिशात १६,००० चं कार्ड, आणि कृषी केंद्रात मशीन. १५,००० चा माल घेतला आणि नोव्हेंबरच्या सोयाबीनवर सोडला, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज ५२५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून जवळपास ६२०. पाच महिन्यांत तीन हजारांच्या वर, आणि दर महिन्याला मिनिमम ड्यूचे सात-आठशे वेगळे काढावे लागणार. ते चुकले तर लेट फी. शेकडा साडेतीन हा सावकाराचा भाव आहे. प्लॅस्टिकवर छापल्याने तो कमी होत नाही. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून, बिलाची सवड नाहीच. जून-जुलैत कार्ड घरच्या पेटीत आणि ॲपमध्ये मर्यादा ३,००० वर आणून ठेवलेली बरी.

बिल सलग थकलं तर बँक ठेव मोडून पैसे वळते करते. रिपोर्टावरचा डाग त्याने जात नाही. ठेव होती म्हणून खातं थकलं नाही, असं कुणी समजू नये.

पत्नीचा सिबिल सुधारायचा असेल तर तिच्या नावाने ठेव आणि तिचंच कार्ड हवं. तुमच्या कार्डावर मिळणारं जोडकार्ड (ॲड-ऑन) वापरून तिची पत बनत नाही, ती नोंद मूळ कार्डधारकाकडेच जाते.

बिनतारण कार्ड कधी

एफडीचं कार्ड बारा महिने चोख चाललं, मधल्या मार्चमध्ये पीक कर्जही वेळेवर गेलं, सहा महिन्यांत नवी एन्क्वायरी नाही आणि स्कोअर ७५० च्या आसपास आला, की मग बिनतारण कार्ड मागा. पहिलं त्याच बँकेकडे, कारण तुमचा व्यवहार तिने पाहिलेला असतो. 'सेटल्ड' नोंद अजून असेल तर थांबा, बारा ००० सुद्धा तिला झाकत नाहीत.

अर्ज नाकारला तर बँकेने नेमकं कारण लेखी द्यायला हवं. ते मागून घ्या. 'उत्पन्नाचा पुरावा नाही' असं कारण असेल तर स्कोअर वाढवून उपयोग नाही. शेतीचं उत्पन्न दाखवून आयकर रिटर्न भरायला सुरुवात करा आणि दोन वर्षांनी बघा. 'पिनकोड' असेल तर बँक बदला. 'थकबाकी' असेल तर रिपोर्ट पुन्हा उघडा, काहीतरी नजरेतून सुटलंय. कारण काहीही असो, पुढचा अर्ज सहा महिन्यांच्या आत नको.

नवं कार्ड हातात आल्यावर एफडीचं लगेच बंद करू नका. सगळ्यात जुनी चांगली नोंद तीच असते. वार्षिक फी नसेल तर राहू द्या. पैशांची गरज पडून बंद करायचंच असेल तर सगळं बिल भरून लेखी अर्ज द्या. बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये तिला तुम्हाला द्यावे लागतात. कार्ड बंद झालं तरी ठेवीवरचं लीन काढायला शाखा विसरते. ठेवीच्या पावतीवर किंवा ॲपमध्ये लीनची रक्कम शून्य दिसल्याशिवाय काउंटर सोडू नका.